चौदा पानांत एक प्रश्न

गेल्या जूनमध्ये आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रोज दुपारी वाढायला लागलं. पंप बंद असायचा, टँकर आलेला नसायचा, आणि तरी लेकीने बसवलेल्या छोट्या पडद्यावर पातळी सकाळपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर दिसायची. रात्री ती आपोआप उतरायची. एका शुक्रवारी तिने टाकीचा कॉक दिवसभर बंद ठेवून पाहिला. तरीही दुपारी पाणी वाढलंच. मस्कतमध्ये पाणी असं फुकट वाढत नाही, एवढं इथे चार वर्षं राहिलेल्या कोणालाही कळतं.

आम्ही अल खुवैरमध्ये एका जुन्या व्हिलाच्या वरच्या मजल्यावर राहतो. टाकी डोक्यावर, उन्हात. आखातात राहणाऱ्यांना उन्हाळ्यातली गंमत माहीत आहे: थंड पाण्याच्या नळाला चटका बसेल इतकं गरम पाणी येतं, म्हणून गीझर बंद ठेवायचा आणि त्यातलंच पाणी ‘गार’ म्हणून वापरायचं. टाकी मात्र कधी रिकामी होईल ते कळत नाही. डोक्याला शाम्पू लावलेला असताना ते बहुधा कळतं. म्हणून सातवीतल्या लेकीने सुट्टीचा उद्योग ठरवला: टाकीत किती पाणी उरलंय ते स्वयंपाकघरात दिसलं पाहिजे. रुवीतल्या एका दुकानातून ईएसपी३२चा बोर्ड, आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा सेन्सर, छोटा पडदा आणि तारा आणल्या. शिकवणारा म्हणून एक चॅटबॉट घेतला. कुठला ते सांगत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही.

आधी त्याचं श्रेय त्याला देते. मी बँकेत काम करते. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे मला शाळेत असतानाही वाचता आले नव्हते. चॅटबॉट नसता तर हा उद्योग पहिल्या संध्याकाळीच कपाटात गेला असता. सेन्सर ५ व्होल्टचा आणि बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या, म्हणून मध्ये एक आणि दोन किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवायचं, हे त्याने न विचारता आणि बरोबर सांगितलं. रात्री अकरा वाजता बाराव्यांदा तोच प्रश्न विचारला तरी तो कंटाळला नाही. माझ्याबद्दल असं म्हणता येणार नाही.

पण उद्योग संपल्यावर मी ते सगळं संभाषण छापून काढलं आणि एखादं पुस्तक परीक्षणासाठी वाचावं तसं पेन्सिल घेऊन वाचलं. चौदा पानं भरली. त्यातल्या सगळ्या प्रश्नचिन्हांभोवती गोल काढले. जवळजवळ सगळे गोल आमच्या बाजूला पडले. त्याच्या बाजूला एकच प्रश्न होता, पण एकोणीस वेळा: ‘आणखी काही मदत हवी आहे का?’ दुकानदार गिऱ्हाइकाला विचारतो तसा. टाकी कुठे आहे, केवढी आहे, उन्हात आहे का, हे काम करणारी व्यक्ती किती वर्षांची आहे, यातलं एकही त्याने विचारलं नाही. माझी तक्रार त्याच्या चुकांबद्दल नाही. चुका कोण करत नाही? तक्रार या कोऱ्या जागेबद्दल आहे.

दुपारी वाढणाऱ्या पाण्याचं कारण त्याच जागेत सापडलं. हा सेन्सर आवाज सोडतो, तो पाण्यावर आपटून परत येतो, आणि लागलेल्या वेळावरून अंतर काढलं जातं. त्यासाठी आवाजाचा वेग लागतो. चॅटबॉटने लिहून दिलेल्या प्रोग्रॅममध्ये तो ०.०३४३ सेंटिमीटर दर मायक्रोसेकंद असा घातला होता, म्हणजे सेकंदाला ३४३ मीटर. आकडा चूक नाही. फक्त तो २० अंश सेल्सिअसच्या हवेचा आहे. हवा दर अंशाने तापते तसा आवाज सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वेगवान होतो. जूनमधल्या पहाटे मस्कतची हवा ३३ अंशांच्या आसपास असली तर वेग ३५१ होतो. दुपारी टाकीच्या झाकणाखाली ५० अंश झाले की ३६१च्या पुढे जातो. आवाज लवकर परत येतो, प्रोग्रॅमला वाटतं पाणी जवळ आलं. पट्टीने मोजलेलं एक मीटर अंतर पहाटे ९७-९८ आणि दुपारी ९५ सेंटिमीटर दिसत होतं.

०.०३४३ या आकड्यात एक जागा दडलेली आहे. ती बेताच्या हवेची, टेबलखुर्ची असलेली, सावलीतली खोली आहे. इंटरनेटवर या सेन्सरबद्दल जे धडे आहेत त्यांतले बहुतेक तसल्याच खोलीत लिहिलेले असावेत, आणि चॅटबॉट त्यांचीच सरासरी काढून बोलतो. त्या सरासरीत आमची गच्ची नाही. जिथे जून ते ऑगस्ट दुपारी १२.३० ते ३.३० उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे, त्या देशातल्या गच्चीवर आपण उभे आहोत, हे त्याच्या एकाही वाक्यात दिसत नाही.

लेकीने सकाळचे आणि दुपारचे आकडे आठ दिवस वहीत लिहिले, शेजारी तापमान लिहिलं आणि मग त्याला विचारलं, उन्हाचा काही संबंध असेल का? उत्तर क्षणात आलं: ‘छान निरीक्षण! हो, आवाजाचा वेग तापमानावर अवलंबून असतो.’ खाली अचूक सूत्र. मी तिथे पेन्सिलीने दोन रेघा मारल्या. म्हणजे त्याला माहीत होतं. माहिती होती, चौकशी नव्हती. आणि ‘छान निरीक्षण’ ही शाबासकी तिला दहा वेळा मिळाली होती, त्यातली एकच खऱ्या निरीक्षणाला. वर तापमान मोजायला त्याने सुचवला तो डीएचटी११ नावाचा निळा सेन्सर, ज्याची मर्यादाच ५० अंशांपर्यंत आहे. शेवटी आम्ही १२५ अंशांपर्यंत मोजणारा, पोलादी नळीतला डीएस१८बी२० लावला.

याच दिवसांत माझे वडील इचलकरंजीहून आले होते. त्यांचं आयुष्य यंत्रमागांच्या कारखान्यांत वायरमन म्हणून गेलं. एका संध्याकाळी लेकीने चॅटबॉटला विचारलं, पाणी कमी झालं की पंप आपोआप सुरू करता येईल का? ‘नक्कीच! ही उत्तम कल्पना आहे!’ आणि खाली नऊ पायऱ्या. निळ्या रंगाचा छोटा रिले घ्या, पंपाची फेज वायर कापा, टोकं रिलेला जोडा. नवव्या पायरीनंतर, बाकी मजकुराच्याच अक्षरांत, एक ओळ: विजेचं काम करताना काळजी घ्या. इथला घरगुती पुरवठा २४० व्होल्टचा आहे. वाचणारी बारा वर्षांची होती.

आजोबांनी चष्मा लावून नऊच्या नऊ पायऱ्या वाचल्या. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर मागितला नाही, प्रश्न सुरू केले. पंप किती हॉर्सपॉवरचा? मेन स्विच कुठं हाय? अर्थिंग कुणी तपासलंय का? खालची टाकी रिकामी असली नि पंप कोरडाच फिरत राहिला तर थांबवणार कोण? आणि हा रिले किती अँपिअरचा? रिले दहाचा होता. पंप एक हॉर्सपॉवरचा, चालताना पाच-सहा अँपिअर घेणारा. कागदावर जमत होतं. आजोबा म्हणाले, मोटर सुरू होताना काही क्षण त्याच्या पाच-सहा पट करंट ओढते. असल्या छोट्या रिलेचे पॉइंट तेवढ्यात वितळून एकमेकांना चिकटतात. मग प्रोग्रॅम कितीही ‘बंद हो’ म्हणाला तरी पंप बंद होत नाही. मागासाठी कॉन्टॅक्टर वापरतात तो काय हौस म्हणून नव्हे.

लेक म्हणाली, “आजोबा, तुम्ही हे त्याला विचारून बघा ना, त्याला माहीत असेल.”

“असंल की. पण मी कशाला इचारू? त्यानं इचारायला पायजे.”

माझ्या सगळ्या परीक्षणाचं सार त्या एका वाक्यात आहे. यावर कोणी म्हणेल, माहिती तुम्हीच पुरवायला हवी होती. गच्ची, ऊन, मुलीचं वय सगळं आधी लिहिलं असतं तर उत्तरही नीट आलं असतं. आलं असतं, हे मी पुढे करून पाहिलं. पण हा आक्षेप शिकाऊ माणसाला समजत नाही. काय सांगायला हवं हे ज्याला कळत नाही तोच शिकाऊ. आवाजाच्या वेगाचा उन्हाशी संबंध आहे हे ठाऊक असतं तर ऊन सांगायचं सुचलं असतं. जाणत्याचं काम तिथे सुरू होतं: नेमकं विचारून, समोरच्याला स्वतःच्याच परिस्थितीकडे बघायला लावणं. वैद्य नाडी धरण्याआधी विचारतो, शिंपी माप घेतो. चॅटबॉट माप न घेता सदरा शिवून देतो आणि तो बहुतेकांना बसतो, म्हणून ज्याला बसत नाही त्याला आपलंच अंग वेडंवाकडं वाटतं. पहिले चार दिवस लेकीला वाटत होतं की तिचंच काहीतरी चुकतंय.

भाषेतही तेच. आजोबांना वाचता यावं म्हणून तिने मराठीत उत्तरं मागितली. त्याने लिहिलं: ‘काळी तार जमिनीला जोडा.’ ग्राउंड म्हणजे जमीन, व्याकरण बिनचूक. लेक तार घेऊन गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीपर्यंत गेली होती. कुठल्याही मराठी वायरमनला विचारा, तो फेज, न्यूट्रल, अर्थिंग म्हणेल, बोर्डावरच्या पिनेला ग्राउंडच म्हणेल. ज्याने मराठी माणसाबरोबर कधी एकही तार जोडलेली नाही त्याचं हे मराठी होतं.

आपल्याकडे याच्या उलट वाटेचा एक चांगला दाखला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेल्या मुलांना हातांनी काम करत शिकवायचं, आणि काम गावाच्या गरजेतून निवडायचं. जमिनीचा विद्युतरोध मोजून भूजलाचा अंदाज घेणं तिथली मुलं शिकली, कारण पाबळ कोरडं होतं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या फॅब लॅबची कल्पना २००२ साली तिथे पोचली, तेव्हा तिला आधीपासून पाय रोवलेली जागा मिळाली. तिथे आधी गाव होतं, मग यंत्र आलं. आमच्या चॅटबॉटच्या धड्यात यंत्र होतं, गाव नव्हतंच.

आणि पाणी मोजण्याबद्दल तर ओमानला कोणी शिकवायची गरज नाही. आजोबांना निझवा दाखवायला नेलं तेव्हा दारिसचा फलज पाहिला. डोंगरापाशी लागलेलं भूजल उताराच्या कालव्याने गावात आणायची ही जुनी पद्धत. असे सुमारे तीन हजार फलज अजून वापरात आहेत, आणि त्यातले पाच २००६ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदले. फलजाचं पाणी वाटलं जातं ते वेळेवर: परंपरेने दिवसा सावलीवरून, रात्री ताऱ्यांवरून. सावलीच्या त्या खुणा त्या गावापुरत्याच खऱ्या. दुसऱ्या गावी नेल्या तर पुन्हा आखाव्या लागतात. लेकीने कालव्याच्या काठावर बसून आजोबांना विचारलं, “म्हणजे यांनाही आकडा जागेप्रमाणे बदलावा लागायचा?” चॅटबॉटने कधी विचारला नसता असा तो प्रश्न होता, आणि मला वाटतं त्या उन्हाळ्याचं शिक्षण तेवढंच.

शेवटी पंप जोडला नाही. पाणी कमी झालं की स्वयंपाकघरात लाल दिवा लागतो, बारीक शिट्टी वाजते, आणि कोणीतरी मोठं माणूस खाली जाऊन स्विच दाबतं. चॅटबॉट आम्ही टाकला नाही. सोय टाकण्याइतके आम्ही तत्त्वनिष्ठ नाही. पण आजोबांनी परत जाण्याआधी नातीकडून वहीच्या पहिल्या पानावर चार ओळी लिहून घेतल्या. आधी जागा बघायची. मग मोजायचं. मग त्याला सांगायचं: उत्तर देण्याआधी मला पाच प्रश्न विचार. आणि भिंतीतल्या विजेबद्दल तो काहीही म्हणाला तरी इचलकरंजीला फोन करायचा.

तिसरी ओळ पाळली की तो खरंच विचारतो, आणि बरे प्रश्न विचारतो. मात्र आजोबांना तसं सांगावं लागलं नव्हतं.