कोळसा आहे, लोखंड आहे, मग पोलाद का नाही? ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’मधले गाळाचे खडक आणि आपला चांदा

आज आपण एका संगणक-खेळाचं परीक्षण करणार आहोत, आणि तेही त्यातल्या दगडांचं. खेळाचं नाव ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांनी तो २००६ मध्ये लोकांपुढे आणला. २०२२ मध्ये त्याची चित्रांची आवृत्ती स्टीमवर आली. सात बुटके घेऊन डोंगर खणायचा आणि वस्ती उभी करायची, असा सगळा मामला.

इतर खेळांत दगड म्हणजे नुसता दगड असतो. इथे तसं नाही. वालुकाश्म, शेल, चुनखडक, डोलोमाइट, चॉक अशी प्रत्येकाची वेगळी ओळख आहे. दगडी कोळसा आणि लिग्नाइट फक्त गाळाच्या थरांतच सापडतात. हेमॅटाइट, लिमोनाइट, मॅग्नेटाइट ही लोहखनिजंही या थरांत मिळतात. भट्टीत टाकायचा चुनखडक तर स्वतःच एक थर. म्हणून मुरलेला खेळाडू जागा निवडताना आधी गाळाचा थर शोधतो. एकाच ठिकाणी लोखंड, कोळसा, चुनखडक. म्हणजे पोलाद आलंच!

यातलं जे बरोबर आहे, ते आधी मान्य करू. कोळसा गाळाच्या खडकांतच असतो, हे आपल्या नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. सीताबर्डीची टेकडी लाव्हाच्या काळ्या खडकाची. त्यात कोळसा कुठून येणार? तो कामठी-उमरेडकडे आणि वर्धा खोऱ्यात, गोंडवाना काळातल्या बराकार थरांत आहे. त्याच्या वरच्या एका वालुकाश्माला तर आपल्या कामठीचंच नाव मिळालं. हा कामठी वालुकाश्म पाणी धरून ठेवतो. खेळातही सच्छिद्र थरात कुदळ मारली की पाणी फुटतं. हे बारकावे कौतुकाचे आहेत.

आता तक्रार. खेळात दगडी कोळशाच्या एका तुकड्याचे कोकचे नऊ नग होतात, लिग्नाइटच्या एकाचे पाच. म्हणजे कुठलाही कोळसा असो, कोक होणारच. फरक फक्त संख्येचा. हा हिशेब आमच्या मते खेळातला सगळ्यात मोठा दोष आहे. तो का, ते चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, इतिहासावरून पाहू.

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १८७७ मध्ये सुरू झाली. पुढे १८८२ मध्ये फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाविषयीचा अहवाल त्यांच्या हाती आला. लोहारा इथे उत्तम लोहखनिज, आणि फार दूर नाही अशा वरोऱ्याला कोळशाची खाण. जिल्ह्यात चुनखडकही भरपूर. खेळाच्या भाषेत सांगायचं, तर याहून चांगली जागा मिळणार नाही. पण वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासून घेतला, तेव्हा तो या कामाचा नाही असं निघालं. सरकारी सवलतींच्या अटीही जाचक होत्या. विषय तिथेच थांबला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सी. एम. वेल्ड हे भूशास्त्रज्ञ पुन्हा चांदा पालथा घालून गेले. कारखाना उभा करावा असा भरवसा त्यांनाही वाटला नाही. हे सांगायला दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात आले आणि वाट बघत असताना समोरच्या संग्रहालयात, आपल्या अजब बंगल्यात, शिरले. तिथल्या रंगीत भूशास्त्रीय नकाशावर त्यांना दुर्ग जिल्ह्यात लोखंडाची खूण दिसली. तो शोध दल्ली-राजहराच्या डोंगरांपर्यंत गेला. पण कारखाना शेवटी साकचीला, म्हणजे जमशेदपूरला उभा राहिला. तिथून झरियाचा कोळसा जवळ होता, आणि त्या कोळशाचा कोक होत होता.

आपल्या वर्धा खोऱ्यातल्या कोळशात राख जास्त, आणि तो कोक होण्याच्या जातीचा नाही. म्हणून तो कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या वीजकेंद्रांत जळतो. शिवाय हे तीन पदार्थ एका थरातले नाहीतच. कोळसा पर्मियन काळातला, २५ कोटी वर्षांहून जुना. पैनगंगेचा चुनखडक त्याच्याही कितीतरी आधीचा, आणि लोहखनिजाचे पट्टे दोनशे कोटी वर्षांपलीकडचे. खेळात मात्र ‘गाळाचा थर’ म्हणजे फडताळ. तिन्ही डबे शेजारी-शेजारी मांडलेले.

कोणी म्हणेल, अहो, खेळच आहे तो, भूशास्त्राचं पुस्तक नव्हे. कबूल. पण याच खेळात बुटक्याने घडवलेल्या प्याल्याला प्रत असते, साध्या कामापासून अप्रतिम कलाकृतीपर्यंत. प्याल्याला प्रत आणि कोळशाला नाही? चुनखडक आणि डोलोमाइट वेगळे ठेवणाऱ्या खेळाला हे जड गेलं नसतं. तसंच छताचं. खेळात दालन कितीही रुंद खणा, कुठेतरी दगडाला चिकटलेलं असलं की छत पडत नाही. सावनेर, सिलेवाड्याच्या भूमिगत खाणींत मात्र छत तोलायला कोळशाचेच खांब मागे सोडावे लागतात. थरात आहे तितकं सगळं हाती येत नाही.

हा दोष खेळापुरता राहत नाही, म्हणून इतकं बोललो. ‘विदर्भात कोळसा आहे, लोखंड आहे, मँगनीज आहे, चुनखडक आहे, मग कारखाने का नाहीत?’ हे वाक्य आपण कितीतरी सभांतून ऐकलंय. त्यात राजकारणाचा आणि अन्यायाचा प्रश्न नक्कीच आहे. पण ही यादी खेळातल्या जागा निवडायच्या पडद्यासारखीच आहे: नुसती नावं. कोणत्या प्रतीचा, किती खोल, किती सलग, वर कुणाचं शेत, हे विचारल्याशिवाय ती मागणीही कच्ची राहते.

खेळ जरूर खेळा. दगडांची नावं इतक्या गोडीने शिकवणारा दुसरा खेळ आम्हाला माहीत नाही. फक्त नावापुढचा प्रश्न तो विचारत नाही. तो आपल्यालाच विचारावा लागेल.