आडनावाचं घराणं

'बंदिश बँडिट्स' हे नाव मराठीत आणता येत नाही. हिंदीत 'बंदिश' म्हणजे गाण्याची रचना आणि बंधनही. त्या श्लेषावरच मालिका उभी आहे. आपल्याकडे जुने गवई रचनेला 'चीज' म्हणत: अमक्या बुवांकडून चीज मिळाली. चीज म्हणजे वस्तू, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाणारी. हा देण्याघेण्याचा अर्थ मालिकेला सुचत नाही, आणि माझी तक्रार तिथेच आहे.

आनंद तिवारी दिग्दर्शित या मालिकेचा पहिला भाग ऑगस्ट २०२० मध्ये प्राइम व्हिडिओवर आला. जोधपूरचा राधे आजोबांकडे शास्त्रीय गाणं शिकतो आणि चोरून, चेहरा झाकून, तमन्नाबरोबर पॉप गातो. नसीरुद्दीन शाहांचे पंडितजी उत्तम आहेत, शिबा चढ्ढांची मोहिनी त्याहून उत्तम. शंकर-एहसान-लॉय यांचं संगीत तर मालिकेपेक्षा जास्त टिकेल. जुनं विरुद्ध नवं हा झगडा मात्र पाहून पाहून गुळगुळीत झालेला.

मला अडलं ते वेगळंच. पंडितजींच्या घराण्याचं नाव 'राठोड'. ख्यालाची घराणी आडनावांनी ओळखली जात नाहीत, गावांनी ओळखली जातात: ग्वाल्हेर, आग्रा, किराणा, पतियाळा. भेंडीबाजार तर मुंबईतली एक वस्ती! मी हे लिहिते आहे ते जयपुरात बसून, पण जयपूर घराणं ऐकायचं तर आजही आधी महाराष्ट्र-गोव्याकडेच कान लावावा लागतो. अल्लादियाखाँ जयपूर संस्थानातल्या उणियाऱ्याचे. शाहू महाराजांच्या आश्रयाने ते कोल्हापुरात राहिले. त्यांनी मुलांना शिकवलं, पण गाणं मुलांपाशी थांबलं नाही. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई आणि पुढे मोगूबाईंच्या किशोरीताई. मंजीखाँ-बुर्जीखाँकडून धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर. खाँसाहेब फार उदार होते असं नव्हे. तालमीच्या अटी कडक होत्या. पण धर्म, जात, भाषा ओलांडूनच ही गायकी जगली, आणि ती जगवण्यात बायकांचा वाटा मोठा होता.

राठोडांच्या घरात सुनेचं गाणं बंद झालेलं असतं. मोहिनीच्या अबोल्यात खरी गोष्ट होती. मालिका मात्र तिच्यापेक्षा राधेच्या तोंडावरच्या मुखवट्यात जास्त रमते. राधे शेवटी आईकडे शिकायला बसतो ते प्रसंग पहिल्या भागातले सर्वांत खरे, आणि ते फार लवकर आटोपतात.

डिसेंबर २०२४ च्या दुसऱ्या भागात पंडितजी गेलेले आहेत, आणि उरलेलं कुटुंब चक्क बँड काढतं. मोहिनी माइकसमोर उभी राहते. अतुल कुलकर्णींचा दिग्विजय, पंडितजींचा दुरावलेला मुलगा, इथे पुन्हा त्या घराच्या सुरात सूर मिसळतो. खरं तर आता काहीतरी सुटायला हवं होतं: बँडमध्ये माणूस येतो तो कानाच्या जोरावर, रक्ताच्या नव्हे. तिकडे कसौलीच्या संगीतशाळेत तमन्नाच्या बँडमधली मुलं अशीच जमलेली आहेत. भांडतात, बेसूर होतात, पुन्हा लावून घेतात. राधेचा बँड मात्र स्पर्धेत उतरतो तो घराण्याची इभ्रत वाचवायला. बाहेरचा एकही शिष्य त्या घराच्या ओसरीवर तंबोरा घेऊन बसलेला दिसत नाही. जोधपूरसारख्या शहरात, इतक्या मोठ्या गवयाकडे शिकायला कुणीच आलं नसेल?