अंगणात आलेली शाळा : काही प्रश्न

बालशिक्षणातील ‘पर्यायी’ प्रयोगांविषयी आपल्याकडे भक्तिभावाने लिहिले जाते. लिहिणारे बहुधा शिकलेल्या घरांतले असतात. माझ्या घरात पाटी प्रथम माझ्याच हातात आली. त्यामुळे हे प्रयोग मला वस्तीतून पाहावे लागतात.

मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सॅन लोरेन्झो या मजूरवस्तीत काढले. मूल स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या गतीने शिकते, हा विचार क्रांतिकारक होता. पण जागा दिली होती घरमालक कंपनीने. आईबाप कामावर गेल्यावर मुलांनी भिंती खराब करू नयेत म्हणून! अस्वच्छ मुलाला काढून टाकण्याचा नियमही तिथे होता. गरिबाच्या मुलाला स्वातंत्र्य मिळाले, ते अटीवर.

हा विचार आपल्या मातीत रुजवला ताराबाई मोडकांनी. 1945 साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केले. पुढे अनुताई वाघांसह त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. महागड्या साधनांऐवजी त्यांनी शिंपले, बिया, पाने, माती घेतली. बालवाडीत न येणाऱ्या मुलांसाठी त्या वस्तीच्या अंगणात गेल्या, गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणात गेल्या. हे मोल मी कमी लेखणार नाही. मूल येत नसेल तर शाळेने जावे, हे प्रस्थापित शिक्षणाला सुचले नव्हते.

तरीही प्रश्न उरतो. गावातल्या शाळेपर्यंतचे अंतर आपल्या मुलांसाठी पावलांचे कधीच नव्हते. ते जातीचे होते. अंगणात शाळा आली की मुलाला शाळा मिळते, पण त्याच्या शेजारी कोण बसणार हा प्रश्न तसाच राहतो. स्वच्छतेच्या पाठाचेही तेच. ज्यांना पाण्यासाठी 1927 साली महाडला सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या मुलांच्या अंगावरचा मळ हा ‘संस्कारांचा अभाव’ कसा?

गेल्या वर्षी मुलीच्या प्रवेशासाठी ‘माँटेसरी’ म्हणवणाऱ्या एका शाळेत गेलो. गुलाबी लाकडी मनोरा, रंगीत मणी, आणि आईबापांची मुलाखत. फी माझ्या महिन्याच्या पगाराहून अधिक. त्याच संध्याकाळी वस्तीतल्या अंगणवाडीत गेलो. सेविका मुलांची वजने नोंदवहीत लिहीत होती. खेळणी कपाटात कुलूपबंद. खराब होतील म्हणून. मजूरवस्तीत जन्मलेली पद्धत मजुराच्या मुलाला परकी झाली होती.

याचे मूळ कायद्यात आहे. संविधानाच्या मूळ 45 व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांचे शिक्षण होते. वयाची खालची मर्यादा नव्हती. 2002 च्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्क दिला तो सहा ते चौदा वयाला. सहाखालच्यांसाठी राज्याने फक्त ‘प्रयत्न’ करायचा. 2009 चा कायदाही सहापासूनच सुरू होतो. 2020 च्या राष्ट्रीय धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनची भाषा केली, पण धोरण म्हणजे हक्क नव्हे. म्हणून तर सेविकेला वेतन नाही, मानधन मिळते.

आपल्या चळवळीने महाविद्यालये, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या यांसाठी लढे दिले. त्यांतूनच मी इथवर आलो. पण तीन वर्षांच्या मुलाचा प्रश्न आपण समाजसेवकांच्या करुणेवर सोडला. तिसऱ्या वर्षापासून शिक्षणाचा हक्क, सेविकेला शिक्षिकेचे वेतन, आणि साऱ्या गावाच्या मुलांना एकच बालवाडी, या मागण्या आता आपल्या कार्यकर्त्यांनी हाती घेतल्या पाहिजेत.