'पारंपरिक' म्हंजे नेमकं कुणाचं?

रेकॉर्डवर गाण्याखाली कवीचं नाव छापतात. नाव नसलं की तिथं एक शब्द येतो, 'पारंपरिक'. दिसायला हा शब्द मोठा मानाचा. पण पुष्कळदा त्याच्याखाली जिवंत माणूस गाडलेला असतो. बंगालच्या रतन कहारांचं असंच झालं.

रतन कहार बीरभूम जिल्ह्यातल्या सिउडीचे. कहार म्हंजे पालखी वाहणारे, आपल्याकडचे भोई. घरात गरिबी. पोटासाठी विड्या वळल्या, जात्रेत कामं केली. भादू आणि झुमूर ही त्यांची गाणी. भादू हे भाद्रपदातलं, गावाकडच्या बायापोरींचं गाणं. साठ वर्षांवर त्यांनी हे गाणं गायलं, स्वतःही रचलं.

1972 साली त्यांनी 'बडो लोकेर बिटि लो' रचलं. म्हंजे बड्या माणसाची लेक. 1976 साली स्वप्ना चक्रवर्ती यांच्या आवाजात त्याची रेकॉर्ड निघाली आणि बंगालभर गाजली. रेकॉर्डवर रतन कहारांचं नाव नव्हतं. मार्च 2020 मध्ये बादशाह या रॅपगायकानं 'गेंदा फूल'मध्ये त्याच गाण्याचा मुखडा घेतला. पुन्हा नाव नाही. लोकांनी बोंब मारली. जुन्या नोंदींत गाणं पारंपरिक म्हणूनच आहे, असं बादशाहचं म्हणणं पडलं. त्यांनी रतन कहारांना पाच लाख रुपये दिले. 2024 साली सरकारनं पद्मश्री जाहीर केली. तोवर माणूस ऐंशीच्या पुढं गेला होता.

पैसे मिळाले, पद्म मिळालं, आता मिटलं, असं पांढरपेशे समीक्षक म्हणतील. मिटलेलं नाही. कारण नावाबरोबर गाण्याचा अर्थही गेला.

या गाण्यामागं एक बाई आहे, हे रतन कहारांनीच मुलाखतींतून सांगितलंय. बड्या माणसानं टाकून दिलेली. तिची पोर रक्तानं बड्या घरची, पण बाप तिला ओळख देत नाही. आई तिचे केस विंचरते. म्हंजे 'बड्या माणसाची लेक' हे कौतुक नाही. तो बाबू लोकांच्या वाड्याकडं तोंड करून मारलेला टोमणा आहे. श्रोत्यांनी काय ऐकलं? लांब केसांची, झेंडू माळलेली, नाचरी खेड्यातली पोर. रचणारा माणूस पुढं असता तर त्याला कुणी तरी विचारलं असतं, ही लेक कुणाची? त्याला पुसल्यावर विचारायचं कुणाला? बापाचं नाव न मिळालेल्या पोरीचं हे गाणं. त्या गाण्यालाही बापाचं नाव मिळू दिलं नाही.

लोकगीताला कर्ता नसतो, ते समूहाचं असतं, असं आपल्याला शिकवतात. लालन फकीर 1890 साली गेले. त्यांच्या पदांत शेवटी त्यांचं नाव गुंफलेलं असतं. बंगालीत त्याला भणिता म्हणतात. आपल्याकडं वामनदादा कर्डकांच्या गाण्यात अखेरीला 'वामन' येतो. ज्यांच्याजवळ छापखाना नव्हता, वकील नव्हता, त्यांनी आपलं नाव गाण्यातच ठेवलं. मुखडा उचलला आणि शेवटचं कडवं गाळलं, की तेवढं नावही गळतं. मग म्हणायला मोकळे, कर्ता नाही.

1957 च्या कॉपीराइट कायद्यात 57 वं कलम आहे. हक्क विकला तरी कर्तेपण कर्त्याकडंच राहतं, असं ते सांगतं. कायदा होता. माणूस हयात होता. तरी 1976 पासून 2020 पर्यंत, चव्वेचाळीस वर्षं, गाणं बेवारस फिरलं. उच्चवर्णीय कवीची ओळ अशी बेवारस फिरली असती का?

आपणही थोडं शरमावं. जलशात, मिरवणुकीत आपण कितीतरी गाणी गातो आणि रचणाऱ्याचं नाव विचारत नाही. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या गायकाचं गाणं वहीत उतरवून घ्याल, तेव्हा आधी त्याचं नाव लिहा. गाव लिहा, साल लिहा. गाणं कुणावर रचलं तेही विचारा. मग पहिली ओळ लिहा.