घराला लाकडी तोंड

घर बांधण्याचा पूर्वीचा क्रम सरळ होता. आधी पाया, मग भिंती, मग छप्पर आणि पैसे उरलेच तर रंग. हल्ली सगळ्यात आधी एलिव्हेशन येतं. एलिव्हेशन म्हणजे घराचं तोंड. लग्नपत्रिकेवर आधी गणपती छापावा तसं ते आर्किटेक्टच्या संगणकावर उमटतं. आत स्वयंपाकघर कुठे आणि मोरी कुठे, हा किरकोळ तपशील मागाहून.

आमच्या पिंपरी-चिंचवडात, त्यातही निगडी प्राधिकरणात, गेली काही वर्षं या तोंडाला लाकूड लावायची टूम निघाली आहे. (प्राधिकरण १९७२ साली स्थापन झालं आणि २०२१ साली विलीन झालं. पण लोक पत्त्यात अजून 'प्राधिकरण'च लिहितात. सरकारी संस्था गेल्या तरी पत्त्यात उरतात.) वडिलांनी कारखान्यात पाळ्या करून बांधलेला बैठा बंगला मुलगा पाडतो आणि त्या जागी तीनमजली चौकोनी डबा उभा करतो. डबा डब्यासारखा दिसू नये म्हणून त्याच्या छातीवर तपकिरी पट्ट्या ठोकतो. झालं 'नॅचरल वुड' घर!

मी बँकेत कर्ज विभागात बसतो. त्यामुळे ही घरं उभी राहण्याआधीच एस्टिमेटच्या कागदावर माझ्या भेटीला येतात. सिमेंट, सळई, फरशी या नोंदी समजतात. मग एक ओळ येते : 'एलिव्हेशन ट्रीटमेंट, नॅचरल वुड फिनिश'. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला 'नॅचरल' या शब्दाची धास्ती असते. हा शब्द आला की शेजारच्या रकान्यात एक शून्य वाढतं. एकदा एका खातेदारांना मी विचारलं,

"साहेब, लाकूड खरं आहे ना?"

"शंभर टक्के लाकूड!"

"कसलं?"

"ॲल्युमिनियमचं."

मी पेन खाली ठेवलं. पण गृहस्थ खोटं बोलत नव्हते. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर सागाच्या रेघा उमटवून मिळतात. टाइलवर शिसव मिळतो. राळेत भिजवलेल्या कागदाचे थर दाबून केलेल्या पत्र्यावर अक्रोड मिळतो. भुसा आणि प्लास्टिक एकत्र मळून केलेली फळी मिळते. तिचं मात्र लाकडाशी लांबचं का होईना नातं आहे, भुशाच्या बाजूने. ओळखायची खूण सोपी आहे. रस्त्यावर उभं राहून गाठी मोजाव्यात. दर चौथ्या फळीवर तीच गाठ, त्याच जागी, त्याच रुसलेल्या चेहऱ्याने दिसली की समजावं, हे झाड छापखान्यात वाढलं.

तरी माझा राग या नकली लाकडावर नाही. ते बिचारं कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि मुख्य म्हणजे ते आपण लाकूड असल्याची शपथ घेत नाही. शपथ घेतो तो मालक. माझी तक्रार खऱ्या लाकडाबद्दल आहे. म्हणजे खरं लाकूड आणून ते जिथे लावू नये नेमकं तिथे लावणाऱ्यांबद्दल.

चौकोनी डब्याला पागोळी नसते. छप्पर भिंतीच्या रेषेतच संपतं, कारण पुढे आलेलं छप्पर 'मॉडर्न' दिसत नाही. मग नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिमेच्या भिंतीला सरळ झोडपतो आणि त्याच भिंतीवर खरा साग किंवा पाइन उघडा उभा असतो. लाकूड म्हणजे दगड नव्हे. ते हवेतली ओल पितं आणि सोडतं. जुलैत फुगतं, मे महिन्यात आकसतं. तेही लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत. (आमच्या हेडक्लार्कसारखंच. उंची तीच, रुंदी ऋतुमानाप्रमाणे.) फळ्यांमध्ये फट ठेवली नाही तर त्या एकमेकींना ढकलतात. मागे हवा खेळायला जागा ठेवली नाही तर आत गेलेलं पाणी आतच मुक्काम करतं. फळीच्या कापलेल्या टोकातून तर पाणी असं चढतं, की उसाच्या कांड्याची आठवण व्हावी. लोखंडी खिळे मारले, की सागाच्या अंगावर काजळ ओघळल्यासारखे काळे डाग पडतात.

वरून पारदर्शक पॉलिश चढवतात. काचेसारखं चकाकणारं, हॉटेलच्या काउंटरला शोभेल असं. घराच्या आत ते वर्षानुवर्षं टिकतं. बाहेर मात्र ऊन त्या काचेतून आरपार जातं आणि खालच्या लाकडाचा वरचा थरच सैल करतं. मग पॉलिशला धरायला काही उरत नाही आणि ते उन्हाने सोललेल्या पाठीसारखं पापुद्र्यांनी सुटतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर घराचं ते लाखमोलाचं तोंड बघून शेजारी हळूच विचारतात, "कसली ॲलर्जी हो?" पॉलिश न करता साग तसाच सोडला तर तो काही वर्षांत रुपेरी करडा होतो. हा त्याचा आजार नाही, वय आहे. पण आपल्याला केस पिकलेला माणूस चालतो, लाकूड चालत नाही. त्यालाही कलप हवा.

यावर तोडगा म्हणून आता उष्णतेने भाजलेलं लाकूड मिळतं. फिनलंडसारख्या देशांत पाइन सुमारे दोनशे अंशांवर तापवतात. त्याने ते ओल कमी पितं, कमी फुगतं आणि रंगाने तपकिरी होतं. युक्ती चांगली आहे. मात्र उघड्या उन्हात तेही यथावकाश करडंच होतं. गरीब पाइनला भाजून भाजून सागाच्या रंगाचं केलं, तरी त्याचे पाय शेवटी जमिनीवर येतातच.

आता जरा चाकणला चला. तिथे खऱ्या लाकडाला तोटा नाही. तिथलं यंत्र आणि तिथला सुटा भाग परदेशी निघाला, की त्याला पाइनच्या फळ्यांचं खोकं मिळतं. ते खोकंही साधं नव्हे. आंतरराष्ट्रीय नियम असा, की लाकडातली कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून फळीचा गाभा ५६ अंशांपर्यंत तापवून निदान ३० मिनिटं तसा ठेवायचा आणि मग गव्हाच्या ओंबीचा शिक्का मारायचा. शेजारी 'एच. टी.' ही अक्षरं. म्हणजे हे लाकूड तापातून उठलेलं आहे, खुशाल जवळ घ्या. असाच शिक्का मिरवत परदेशातूनही खोकी येतात. आतलं यंत्र शॉपवर जातं, फळ्या भंगारात जातात, आणि नशीब थोर असेल तर एखाद्या टपरीचं बाकडं किंवा कोंबड्यांचं खुराडं होतात.

तात्पर्य, आमच्या पट्ट्यात गिअरबॉक्स खऱ्या लाकडात राहतो आणि गिअरबॉक्स बनवणारा लाकडाच्या फोटोत राहतो. कोंबड्यांची सोय गिअरबॉक्सइतकीच उत्तम.

हा विनोद आणखी जुना आहे. पुण्याचा शनिवारवाडा १७३० साली सुरू झाला. १७३२ साली त्याची वास्तुशांत झाली. खर्च सांगतात सोळा हजार एकशे दहा रुपये. आज एवढ्यात एलिव्हेशनचं रंगीत चित्रही मिळायचं नाही. त्या वाड्याला साग आला जुन्नरच्या जंगलातून, चुना जेजुरीकडून आणि दगड कुठून? आमच्या चिंचवडच्या खाणींतून! जुन्नरहून पुण्याला येणारा आजचा रस्ता चाकणवरूनच येतो. म्हणजे पेशव्यांच्या घराचं अर्धं सामान आमच्या गल्लीतलं. १८२८ च्या फेब्रुवारीत वाड्याला आग लागली आणि ती सात दिवस धुमसली. आतले सागवानी महाल गेले, दगडी जोतं आणि तट राहिले. चिंचवडकरांनी यावर फुशारकी मारू नये. दगडाने आग सोसली हे खरं. पण त्या घराला घरपण दिलं होतं लाकडानेच. म्हणून तर आज तिथे बघायला जोतं आहे आणि बाकीचं घर मनाने उभं करावं लागतं.

लाकडी तोंड कसं असावं हे बघायचं असेल तर बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाड्यासमोर उभं राहावं. हॉर्न वाजवणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ साली हा वाडा राहण्यासाठी बांधला. म्हणजे आजच्या भाषेत 'कस्टम होम'च. मालकाचा राजकीय हिशेब चुकला असेल, पण वाड्याच्या दर्शनी भागाचं कोरीव सागकाम चुकलेलं नाही. १८७९ च्या आगीत पूर्वेचा भाग गेला, तर लोकांनी वर्गणी काढली, सरकार आणि नगरपालिकेनेही पैसे घातले, आणि तो पुन्हा उभा राहिला. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांसाठी कोणी वर्गणी काढेल असं मला वाटत नाही.

त्या सागकामात मला आवडतं ते नुसतं कोरीवकाम नव्हे. जुन्या वाड्यात लाकूड हा दागिना असला तरी आधी तो नोकरदार आहे. खांब वजन पेलतो, तुळई खांबावर टेकते, कडीपाट वरच्या मजल्याची जमीन धरतो. एवढी नोकरी चोख केल्यावर मग त्याच्या अंगावर महिरप आणि केळफूल. आधी काम, मग बढती. शिवाय खांब कधी मातीत रोवलेला नाही. खाली दगडी तळखडा, म्हणजे पायाला ओल नाही आणि वाळवीला परस्पर वाट नाही. डोक्यावर पुढे आलेलं छप्पर, म्हणजे अंगावर पाऊस नाही. नॉर्वेतलं बोर्गुंडचं लाकडी चर्च सुमारे ११८० सालचं आहे. त्याच्याही पायाखाली दगड, डोक्यावर उतरत्या छपरांची उतरंड आणि अंगाला वेळोवेळी पाइनचं डांबर. आमचा सुतार नॉर्वेला गेला नव्हता आणि तिथला इकडे आला नव्हता. तरी दोघांना एकच अक्कल सुचली : लाकडाचे पाय कोरडे ठेवा, डोक्यावर छत्री धरा.

आमच्या नव्या बंगल्यांत नेमकं उलटं. लाकूड कशालाच धरत नाही, त्यालाच स्क्रूने धरून ठेवावं लागतं. वजन पेलतं काँक्रीट आणि फोटो येतो लाकडाचा. हा प्रकार ऑफिसात वावरणाऱ्यांना नवा वाटणार नाही.

मग काय, लाकूड वापरूच नये? अवश्य वापरावं. ओसरीच्या आत वापरावं, पुढे काढलेल्या छपराच्या पोटाला वापरावं, दाराला, कठड्याला, झोपाळ्याला वापरावं. हात लागतो तिथे लाकूड असावं, पाऊस लागतो तिथे दगड असावा. इतकं सोपं आहे हे. बाहेर लावायचंच असेल तर फळ्यांमागे हवेला वाट, खाली जमिनीपासून वीतभर अंतर, टोकांना तेल आणि न गंजणारे स्क्रू. चकचकीत पॉलिशऐवजी आत मुरणारं तेल. तेल सोलून निघत नाही, फक्त विरतं. मात्र ते पुन्हा पुन्हा लावावं लागतं.

इथे सगळे खातेदार मागे सरकतात. "म्हणजे दरवर्षी खर्च? आम्हाला मेंटेनन्स-फ्री पाहिजे." हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकतो त्यांतल्या निम्म्या माणसांनी आयुष्यभर मेंटेनन्स खात्यात पगार घेतलेला असतो! या आमच्या पट्ट्यात यंत्राला कधी तेल घालायचं, कधी ग्रीस भरायचं, याचे तक्ते भिंतीवर टांगलेले असतात. मशीन कुरकुरायच्या आधी तिची सेवा करावी हे इथल्या पोरालाही कळतं. तोच माणूस संध्याकाळी घरी आला, की त्याला असं घर हवं असतं ज्याला जन्मात एकदाही हात लावावा लागणार नाही. यंत्राचं तेलपाणी करणं त्याला अपमान वाटत नाही, घराचं करणं मात्र लफडं वाटतं.

मी त्यांना माझ्या भाषेत समजावून सांगतो. दगड ही मुदत ठेव आहे. एकदा ठेवली की विसरा. लाकूड हे आवर्ती खातं आहे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी हप्ता भरावा लागतो. एक डबा तेल, एक चिंधी आणि एक रविवार. हप्ते चुकवलेत तर शेवटी हातात काही येत नाही. भरलेत तर नातवाच्या हाताला तोच कठडा मऊ लागेल. हप्ता भरायची तयारी नसेल तर त्यात काहीच कमीपणा नाही. सरळ प्लॅस्टर करा, चांगला रंग द्या. रंग दिलेली भिंत भिंतच दिसते आणि रात्री शांत झोपते. पण दोन हप्त्यांच्या जोरावर पुढच्या तीस वर्षांची ऐट मारू नका.

आपल्याकडे 'बडा घर पोकळ वासा' ही म्हण जुनी आहे. ती रचणाऱ्याने निदान वासा वाजवून बघितला असणार. आजच्या घरांना वासाच नाही, तेव्हा ती म्हण लागू पडत नाही, असं परवा एका एस्टिमेटवाल्यांनी मला ऐकवलं. मी एस्टिमेट मंजुरीसाठी वर पाठवून दिलं. फक्त 'नॅचरल वुड' या ओळीसमोर पेन्सिलीने लिहिलं : नमुना वाजवून पाहावा.