चार जणांच्या गाडीत एकाचा फोन

साध्या यूएसबी केबलच्या आत चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. स्वस्तातल्या काही केबलींमध्ये माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. अशी केबल गाडीत लावली की फोन चार्ज होतो आणि समोरचा पडदा मात्र ‘फोन जोडा’ म्हणत ढिम्म बसून राहतो. यावर सर्व्हिस सेंटरला भांडून आलेले लोक मी पाहिले आहेत. दोष बहुतेकदा शंभर रुपयांच्या केबलीचा असतो.

फोन आणि गाडीच्या पडद्याची जोडणी हा विषय निघाला की चर्चा साधारण इथेच सुरू होते आणि इथेच संपते. जोडलं जात नसेल तर काय करावं हे सगळे सांगतात. जोडलं गेल्यावर गाडीत काय बदलतं, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. आपण सिनेमाची समीक्षा करतो, नाटकाची करतो. हा पडदाही कुणीतरी विचार करून रचलेला आहे. त्यावर काय दिसावं, काय दिसू नये, हे ठरवताना कुणीतरी एक माणूस डोळ्यांसमोर धरलेला आहे. तो माणूस कोण, हे मला पाहायचं आहे.

आधी त्या जागेबद्दल. डॅशबोर्डच्या मधोमध पूर्वी टेप असायचा. त्या खाचेचं माप ठरलेलं होतं: १८० मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर उंच. मूळचं जर्मन मानक, पुढे आयएसओ ७७३६ म्हणून जगभर चाललं. माप ठरलेलं असल्यामुळे गाडी कुणाचीही असो, टेप आपल्या पसंतीचा बसवता यायचा. त्यात कॅसेट कुणाची वाजणार यावर भांडणं व्हायची, पण ती सगळ्यांच्या देखत व्हायची. टेप गाडीचा होता, म्हणजे गाडीत बसलेल्या सगळ्यांचा होता.

स्मार्टफोन आल्यावर त्याला या जागेत आणण्याचे प्रयत्न सुरू झाले. नोकियाच्या पुढाकारातून आलेलं मिररलिंक हा त्यातला एक. ॲपलने २०१३ मध्ये आपली कल्पना जाहीर केली आणि मार्च २०१४ मध्ये जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये ती कारप्ले या नावाने दाखवली. गूगलने त्याच वर्षी जूनमध्ये अँड्रॉइड ऑटोची घोषणा केली आणि २०१५ मध्ये ते लोकांच्या हाती आलं. आता मापाच्या खाचेची जागा दोन कंपन्यांच्या प्रोटोकॉलने घेतली आहे.

यात एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. तुमचा नकाशा किंवा गाणी गाडीच्या पडद्यावर दिसतात तेव्हा गाडीत ते ॲप चालू नसतं. सगळं काम फोन करतो. तो पडद्याचं चित्र तयार करतो आणि व्हिडिओच्या रूपात गाडीकडे पाठवत राहतो. गाडी ते नुसतं दाखवते, आणि तुम्ही बोट कुठे टेकवलंत ते उलट कळवते. शिवाय गाडी चालू आहे की थांबलेली, बाहेर अंधार आहे की उजेड, अशीही माहिती देते. केबल नसेल तर ओळखपरेड ब्लूटूथवर होते आणि चित्र वाय-फायवरून येतं. थोडक्यात, गाडीचा पडदा हा तुमच्या फोनचा मोठा केलेला, सगळ्यांसमोर ठेवलेला भाग असतो.

आता कौतुक. हे कौतुक मनापासून आहे, कारण एका ॲपसाठी हे काम मी स्वतः केलं आहे. आमच्या धंद्यात सगळा जोर माणसाने पडद्याकडे जास्तीत जास्त वेळ बघावं यावर असतो. इथे उलटं आहे. अँड्रॉइड ऑटोवर गाण्यांच्या ॲपला स्वतःचा पडदा रंगवताच येत नाही. ॲपने गाण्यांची यादी द्यायची, मांडणी अँड्रॉइड ऑटो करणार. नकाशासारख्या ॲपांना ठरावीक साचे दिलेले आहेत आणि एक काम पाच पायऱ्यांच्या आत संपायला हवं असं बंधन आहे. आमच्या डिझायनर मैत्रिणीने हौसेने केलेलं सगळं रंगकाम त्यात गेलं. ती वैतागली, पण मला ते आवडलं. इतकं ‘नाही’ म्हणणारं सॉफ्टवेअर मी दुसरं पाहिलेलं नाही.

या ‘नाही’मागे हिशेब आहे. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०१३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत, रस्त्यावरून काढलेली नजर एका वेळी दोन सेकंदांच्या आत परत जावी आणि पूर्ण काम मिळून बारा सेकंदांच्या वर नजर लागू नये, असा निकष आहे. ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने दोन सेकंदांत गाडी सुमारे ४४ मीटर जाते. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली हातात फोन धरून गाडी चालवणं हे धोकादायक चालवणं ठरतं. २०२० च्या नियमदुरुस्तीने हातातलं उपकरण फक्त रस्ता शोधण्यापुरतं, तेही लक्ष विचलित न करता वापरायची मुभा दिली. मांडीवर फोन ठेवून दर सिग्नलला खाली बघणाऱ्यांच्या तुलनेत हा पडदा शंभर पटींनी बरा. त्याबद्दल वाद नाही.

संदेशांच्या बाबतीतही हाच संयम आहे. चालत्या गाडीत मजकूर वाचायला लावायचा नाही, म्हणून संदेश आला की फक्त नाव आणि सूचना दिसते. तिच्यावर बोट ठेवलं की आवाज संदेश वाचून दाखवतो. डोळे रस्त्यावर, कान संदेशाकडे. कागदावर पाहिलं तर यात काहीही खोट काढता येत नाही.

गेल्या वर्षी आम्ही पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगरला निघालो होतो. गाडी मी चालवत होतो, शेजारी बाबा, मागे आई आणि आत्या. नकाशासाठी माझा फोन जोडलेला. मुळशीच्या पुढे पडद्यावर सूचना आली, ताईचं नाव दिसलं. बाबा म्हणाले, “अरे, तिचं काहीतरी आलंय,” आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

ताई मराठी रोमन लिपीत लिहिते, आपण बरेचजण लिहितो तसं. तिने लिहिलं होतं की आईचा रिपोर्ट आला आहे, डॉक्टरनी सोमवारी बोलावलं आहे, घरी येईपर्यंत तिला सांगू नकोस. आवाज इंग्रजी होता. त्याने ‘आईचा’चं ‘ऐशा’ केलं, ‘सांगू नकोस’चं ‘सँगू नॅकॉस’ केलं. वाक्याला वाक्य म्हणून काही अर्थ उरला नाही. फक्त दोन शब्द लख्ख, स्वच्छ, बीबीसीवर शोभतील असे ऐकू आले. रिपोर्ट आणि डॉक्टर.

आत्या हसली. “काय बाई बोलते ही,” म्हणाली. आई हसली नाही. मी “ऑफिसचं काहीतरी” असं पुटपुटलो, जे बाबांनाही पटलं नसणार, कारण ताई माझ्या ऑफिसात नाही. पुढचा अर्धा तास कुणी फारसं बोललं नाही. घाटात फोनची रेंज गेली, नकाशावरचा निळा ठिपका तेवढा सरकत राहिला. चहाला थांबलो तेव्हा आई माझ्याजवळ येऊन म्हणाली, “माझाच ना?”

पुढे शस्त्रक्रिया झाली, उपचार झाले, आई आता बरी आहे. म्हणून हे लिहिता येतंय.

मी त्या प्रसंगाकडे आधी इंजिनिअरच्या सवयीने पाहिलं. म्हणजे दोष कुठला, तर भाषेचा. रोमन लिपीतली मराठी ओळखता येत नाही, ती ओळखायला शिकवायला हवी. मग लक्षात आलं की त्या दिवशी आवाजाला उत्तम मराठी येत असती, तर पूर्ण संदेश, ‘तिला सांगू नकोस’सकट, चौघांच्या कानांवर स्पष्ट पडला असता. यंत्राच्या अडाणीपणाने आम्हाला थोडंसं वाचवलं होतं. आपल्या भाषेला तंत्रज्ञानात जागा मिळावी असं मला वाटतं, आणि ती जागा मिळाल्यावर हा अडाणीपणा जाईल. तेव्हा दोष भाषेचा नव्हता.

दोष बाबांचा होता का? सूचनेवर बोट त्यांनी ठेवलं. पण गाडी चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर राहावं म्हणून शेजारच्याने बटणं सांभाळायची, ही आपल्याकडची सर्वसाधारण पद्धत आहे आणि ती शहाणपणाची आहे. शेजारी बसलेला माणूस टोलचे पैसे काढतो, काच खाली करून रस्ता विचारतो, पाण्याची बाटली उघडून देतो. बाबा तेच करत होते. ताईचाही दोष नव्हता. तिने भावाला खासगीत कळवलं होतं. फोन तिच्या कल्पनेत माझ्या हातात होता. फोनमधला मजकूर खासगी राहतो, यामागे फोन लहान असतो आणि एकाच्याच तळहातात मावतो, हेही एक कारण असतं. तोच फोन डॅशबोर्डवर पसरला आणि स्पीकरमधून बोलू लागला की हे कारण नाहीसं होतं. पाठवणाऱ्याला याचा पत्ताही नसतो.

दोष त्या माणसाच्या कल्पनेत आहे, ज्याच्यासाठी हे सगळं रचलं आहे. तो माणूस गाडीत एकटा आहे. गाडी त्याची, फोन त्याचा, कान त्याचे. त्याचं लक्ष वाचवायचं आहे, आणि ते उत्तम वाचवलं आहे. त्याच्यापासून लपवायचं काही नाही, कारण सगळं त्याचंच आहे. ही कल्पना हवेतून आलेली नाही. अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या आकड्यांनुसार २०१९ मध्ये तिथले सुमारे तीन चतुर्थांश नोकरदार कामावर एकट्याने गाडी चालवत जात होते. त्यांच्यासाठी संदेश मोठ्याने वाचणं आणि खासगीत वाचणं यांत फरकच नाही. पुण्यात सकाळी हिंजवडीच्या रांगेत उभ्या असलेल्या माझ्यासारख्यालाही तो नसतो. तो रविवारी पडतो, जेव्हा तीच गाडी घराची होते.

यावर एक रास्त आक्षेप आहे: सूचना बंद करता येतात. येतात. पण त्या बंद केल्या की एकटा असतानाही बंद राहतात, आणि कुटुंब गाडीत बसताना सेटिंगमध्ये जायची आठवण कुणाला राहते? शिवाय ‘गाडीत कोण आहे हे यंत्राला कसं कळणार’ हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. भारतात जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालक आणि शेजारचा, दोघांच्याही सीटबेल्टसाठी इशारा देणं सक्तीचं आहे. शेजारी कुणी बसून बेल्ट लावला नाही तर गाडी बोंब मारते. म्हणजे शेजारी माणूस आहे हे गाडीला चांगलं कळतं. त्याला बेल्ट लावायला सांगण्यापुरता तो असतो. संदेश वाचून दाखवायच्या वेळी तो नसल्यासारखाच धरला जातो. तेवढ्या वेळी पडद्याने ‘आत्ता वाचू की नंतर?’ एवढं विचारलं, तरी पुष्कळ झालं. ते विचारायला लागणारा कोड माझ्या अंदाजाने एका आठवड्याचंही काम नाही. तो लिहिला गेला नाही, कारण ज्या टेबलावर हे ठरलं तिथे मागच्या सीटवर आई बसलेली नव्हती.

मागच्या सीटचा विचार नजीकच्या काळात होईल असंही दिसत नाही. सध्याचं भांडण वेगळंच आहे. जनरल मोटर्सने २०२३ मध्ये जाहीर केलं की त्यांच्या पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांत कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो दोन्ही नसतील, पडदा कंपनीचा स्वतःचा असेल. टेस्लाने तर या दोन्हींना आधीपासूनच दारात उभं केलेलं नाही. दुसरीकडे, २०२५ मध्ये ॲस्टन मार्टिनच्या गाड्यांपासून सुरू झालेल्या कारप्ले अल्ट्राने वेगाच्या काट्यापर्यंत सगळे पडदे व्यापले. पडदा गाडी कंपनीचा की फोन कंपनीचा, यावर हिरीरीने लिहिलं जातं. माहितीची मालकी, वर्गणीतून येणारा पैसा, असं मोठं काही त्यात आहेच. पण दोन्ही बाजूंच्या चित्रात गाडीत एकच गिऱ्हाईक बसलेलं आहे. बाकीचे तिघे वजन म्हणून मोजले जातात.

म्हणून या कृतीबद्दल माझं मत असं: आपल्या काळातल्या सॉफ्टवेअरमधलं हे सगळ्यांत सभ्य काम आहे, आणि ही सभ्यता एकाच माणसापुरती आहे. नजर कुठे जाऊ नये याचा त्यात सखोल विचार आहे. आवाज कुणाच्या कानांवर पडेल याचा नाही. लक्ष विचलित होण्याला ते सेकंदांत मोजतं. ‘माझाच ना?’ या प्रश्नाआधीचा अर्धा तास त्याच्या मोजपट्टीवर येत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासात माझं लक्ष रस्त्यावर किती होतं, हे मलाच विचारा.

आमची गाडी केबलवर चालणाऱ्यांपैकी आहे. फोन जोडला जात नाही म्हणून फेकून द्यायला काढलेली ती दोन तारांची केबल मी आता हातमोज्यांच्या कप्प्यात जपून ठेवली आहे. घरचे बरोबर असले की ब्लूटूथ बंद करतो आणि ती केबल लावतो. फोन चार्ज होतो आणि गप्प बसतो. नकाशा बाबांच्या हातात असतो. तो ते नाकाजवळ धरून वाचतात, वळण गेल्यावर सांगतात, आणि आम्ही माणगावात काच खाली करून म्हसळ्याचा रस्ता विचारतो.