परक्याच्या आंगणांतील स्वातंत्र्य

बेंजामिन माको हिल यांचा ‘फ्री सॉफ्टवेअर नीड्स फ्री टूल्स’ हा छोटेखानी निबंध २०१० सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांनीं लोकांस मुक्त सॉफ्टवेअरचा उपदेश करावयाचा, त्यांनीं तें सॉफ्टवेअर स्वतः रचतांना दुसऱ्याच्या बंदिस्त साधनांचा आश्रय घ्यावा काय, हा त्यांतील प्रश्न आहे. आणि हिल यांचें उत्तर निखालस नकारार्थी आहे. असले निबंध त्या त्या वेळच्या वादांत उपयोगी पडतात आणि वाद थंडावला कीं विस्मृतींत जातात. या निबंधाच्या बाबतींत मात्र उलट घडलें. मध्यंतरींच्या घटनांनीं त्यांतील कांहीं विधानें अधिकच खरीं ठरविलीं व कांहींचें उणेपण उघडें पाडलें. म्हणून तो आज पुन्हां वाचून पाहण्यासारखा आहे, असें आम्हांस वाटतें.

‘मुक्त’ म्हणजे फुकट नव्हे, हें नव्या वाचकांसाठीं प्रथम सांगितलें पाहिजे. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हांपासून या चळवळीचें म्हणणें एकच आहे : सॉफ्टवेअर वापरणाऱ्यास तें चालविण्याची, त्याची मूळ संहिता वाचण्याची, ती बदलण्याची आणि दुसऱ्यास देण्याची मोकळीक असली पाहिजे. हें काम देशोदेशीं विखुरलेले लोक मिळून करितात. त्यामुळें संहिता, तिच्या बदलांचा इतिहास, सांपडलेले दोष आणि त्यांवरील चर्चा हीं सर्व एकत्र ठेवण्यास त्यांना एक सामाईक जागा लागते. आज अशी सर्वांत गजबजलेली जागा म्हणजे गिटहब. ती २००८ सालीं निघाली आणि २०१८ सालीं मायक्रोसॉफ्टनें ती सुमारें साडेसात अब्ज डॉलरांस विकत घेण्याचें जाहीर केलें. तिची स्वतःची संहिता बंदिस्त आहे. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा बराचसा संसार अशा घरांत चालला आहे कीं, त्या घराच्या भिंतींत काय आहे हें त्यांत राहणारांस पाहतां येत नाहीं. ही गोष्ट केवळ दूरदेशची आहे असेंहि नाहीं. मुंबईच्या एक टाइप या संस्थेनें रचलेला ‘मुक्त’ हा देवनागरी टंक परवान्यानेंहि मुक्त आहे. पण त्याची मूळ सामग्री गिटहबवरच ठेविलेली आहे.

हिल यांनीं घेतलेल्या उदाहरणांत बिटकीपरचें उदाहरण मोठें बोलकें आहे. लिनक्सच्या गाभ्याचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनीं बदलांची नोंद ठेवण्यासाठीं २००२ सालीं बिटकीपर हें बंदिस्त साधन पत्करलें. मुक्त प्रकल्पांवर काम करणारांस तें विनामूल्य मिळे; पण तें वापरणारानें त्याच्याशीं स्पर्धा करणाऱ्या दुसऱ्या साधनावर काम करूं नये अशी अट होती. जेवावयास बोलवावें आणि घरीं चूल पेटवूं नका म्हणून बजवावें, अशांतलाच हा प्रकार. स्टॉलमन यांनीं आक्षेप घेतला. टोरवाल्ड्स यांचें म्हणणें, जें साधन कामास उत्तम तें घ्यावें. पुढें अँड्र्यू ट्रिजेल यांनीं बिटकीपरशीं संधान बांधूं शकेल असें एक छोटें साधन लिहावयास घेतलें. त्यावरून बिटकीपरचे धनी लॅरी मॅकव्हॉय रुष्ट झाले आणि २००५ सालीं विनामूल्य परवाना मागें घेतला गेला. त्याच वर्षाच्या एप्रिलांत टोरवाल्ड्स यांनीं ‘गिट’ लिहावयास प्रारंभ केला व थोड्याच आठवड्यांत गाभ्याचें काम त्यावर चालूं लागलें.

या कथेचे दोन अर्थ लावण्यांत येतात. एक पक्ष म्हणतो, परावलंबनाचें फळ हें असें असतें. दुसरा म्हणतो, नुकसान काय झालें? उलट गिट मिळालें! आमच्या मतें दोन्ही पक्ष घाई करितात. परवाना गेला त्या दिवशीं ज्यांच्या घरीं टोरवाल्ड्स नव्हता, त्यांनीं काय करावें, याचें उत्तर दुसऱ्या पक्षाजवळ नाहीं. परंतु बिटकीपरवरील तीन वर्षांच्या अनुभवावांचून गिट ज्या रूपानें जन्मलें त्याच रूपानें जन्मलें असतें कीं काय, हाहि प्रश्न उरतोच, आणि कडव्या मुक्ततावाद्यांस तो अडचणीचा वाटतो. एवढें खरें कीं, एका मालकाच्या तावडींतून सुटण्यासाठीं जें साधन निर्माण झालें, त्याच्याच नांवावर पुढें दुसऱ्या मालकाची पेढी उभी राहिली. बिटकीपरची संहिता मात्र २०१६ सालीं मुक्त करण्यांत आली. तोंपर्यंत तिची फारशी कोणास गरज उरली नव्हती.

सोर्सफोर्जची हकीकत हिल यांच्या पक्षास अधिक बळकटी देणारी आहे. हें स्थान १९९९ सालीं निघालें तेव्हां त्याची संहिता मुक्त होती. पुढें चालकांनीं ती बंद केली. पण आधींची मुक्त प्रत लोकांच्या हातीं होती आणि तिच्यावरूनच ग्नू प्रकल्पाचें ‘सव्हाना’ हें स्थान उभें राहिलें. सोर्सफोर्जवर राहिलेल्यांस काय मिळालें तें पाहावें. चित्रें संस्कारण्याच्या ‘गिंप’ या प्रकल्पानें फसव्या जाहिरातींस कंटाळून २०१३ सालीं तें स्थान सोडलें. तर २०१५ सालीं चालकांनीं त्याची विंडोजसाठींची जुनी जागा आपल्या ताब्यांत घेऊन तेथून जाहिरातींचें लिगाड जोडलेली प्रत लोकांस देऊं केली. घर सोडून गेलेल्या भाडेकऱ्याच्या नांवाची पाटी दारावर तशीच ठेवून आंत धंदा चालवावा, तसें हें झालें.

असें असलें तरी मुक्त साधन म्हणजे चिरंजीव साधन, असा ग्रह कोणी करून घेऊं नये. गूगल कोड हें बंदिस्त स्थान बंद करण्याची घोषणा २०१५ सालीं झाली; गिटोरियस हें मुक्त संहितेचें स्थानहि त्याच वर्षीं गिटलॅबनें विकत घेतलें व बंद केलें. दोन्हीकडील रहिवाशांस गाठोडें बांधावें लागलें. फरक इतकाच कीं, गिटोरियसची संहिता कोणासहि पुन्हां चालवितां आली असती. हा फरक लहान नाहीं. पण ज्याला उद्यांच्या उद्यां जागा हवी त्याचें त्यानें समाधान होत नाहीं.

गिटहबचे कैवारी सांगतात कीं, गिटमध्यें प्रत्येकाजवळ संपूर्ण इतिहासाची प्रत असते. केव्हांहि उठावें व दुसरीकडे जावें. संहितेपुरतें हें खरें आहे. पण दोषांच्या नोंदी, सूचनांवरील वादविवाद, नवख्यास मिळालेले धडे, माणसामाणसांची जमलेली ओळख, हें सर्व गिटमध्यें नसतें. तें गिटहबच्या वहींत असतें. ती वही कोणापुढें उघडावी आणि कोणापुढें मिटावी हें दुसराच ठरवितो. २०१९ सालीं अमेरिकेच्या निर्बंधांमुळें इराण, सीरिया व क्रिमिया येथील लोकांच्या खाजगी भांडारांवर आणि सशुल्क सेवांवर गिटहबनें बंदी आणली; इराणपुरती परवानगी मिळावयास २०२१ साल उजाडलें. २०२० सालीं अमेरिकन ध्वनिमुद्रण-व्यावसायिकांच्या संघाच्या एका नोटिशीसरशी ‘यूट्यूब-डीएल’ हा प्रकल्प ऑक्टोबरांत अदृश्य झाला आणि नोव्हेंबरांत परत आला. दोन्ही प्रसंगीं गिटहब कायद्यानें बांधलेली होती, हें न्यायानें म्हटलें पाहिजे. परंतु सर्वांनीं एकाच देशांतील एकाच दुकानीं ठेव ठेविली नसती, तर एका कायद्याचा हात इतक्यांच्या मानेपर्यंत पोंचला नसता. पुढें तेथें उघड्यावर ठेविलेल्या संहितेवर पोसलेलें ‘कोपायलट’ २०२२ च्या जूनमध्यें पैसे घेऊन विकलें जाऊं लागलें, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेनें गिटहब सोडण्याचें आवाहन केलें.

आतां हिल यांच्या युक्तिवादाविषयीं. आपण एक सांगावें व दुसरें करावें, यानें आपली विश्वासार्हता जाते, या मुद्द्यावर त्यांचा मोठा भर आहे. आम्हांस हाच भाग लंगडा वाटतो. प्रतिपक्षाच्या छापखान्यांत छापलें म्हणून पत्रकांतील मजकूर खोटा ठरत नाहीं. खरें वजन आहे तें तिसऱ्या माणसाच्या बाजूला. एखाद्या मुक्त प्रकल्पांत ज्याला दोष आढळला आणि तो कळविण्याची इच्छा झाली, त्यास प्रथम एका कंपनीच्या अटींवर सही करावी लागते. त्यानें प्रकल्पाशीं संबंध जोडूं पाहिला होता, कंपनीशीं नव्हे. प्रकल्पाच्या कर्त्यानें स्वतःसाठीं केलेली तडजोड येथें दुसऱ्याच्या गळ्यांत पडते, आणि त्या दुसऱ्यास कोणी विचारलेलेंहि नसतें.

म्हणून सर्वांस एकच नियम लावण्यास आम्ही तयार नाहीं. डेबियन व ग्नोम यांनीं २०१८ सालीं, केडीईनें २०२० सालीं गिटलॅबची मुक्त आवृत्ति स्वतःच्या यंत्रांवर मांडली, (ती कंपनी मालकीची आवृत्तीहि विकते, हें आहेच.) बर्लिनच्या कोडबर्ग या संस्थेनें सभासदांच्या आधारावर सार्वजनिक स्थान चालविलें आहे. ज्यांच्यापाशीं माणसें व पैसा आहे, किंवा स्वातंत्र्याचा प्रचार हेंच ज्यांचें कार्य आहे, त्यांस आतां साधन नाहीं ही सबब सांगतां येणार नाहीं. पण दिवसभर चाकरी करून रात्रीं दोनशें ओळी लिहिणाऱ्या एकट्या माणसास त्याच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करणें अन्यायाचें होईल. यंत्राची देखभाल करण्यांत त्याच्या रात्री गेल्या तर ते मुक्त सॉफ्टवेअर लिहावयाचें कोणी? त्याच्यापाशीं आम्ही एवढेंच मागूं कीं, त्यानें दुसरें दार उघडें ठेवावें. संहितेची प्रत अन्यत्रहि ठेवावी व दोष आणि दुरुस्त्या साध्या ईमेलनेंहि स्वीकाराव्या.

ही मागणी कांहीं स्वप्नांतली नाहीं. लिनक्सच्या गाभ्याची प्रत गिटहबवर आहे, पण ती केवळ प्रतिबिंब म्हणून. त्याचें खरें काम आजहि ईमेलच्या याद्यांवरून चालतें आणि टोरवाल्ड्स गिटहबवरून आलेल्या सूचना तेथें स्वीकारीत नाहींत. बिटकीपर पत्करणाराच हा गृहस्थ. हिल यांनीं आपला निबंध कधीं वाढविला, तर २००२ सालच्या टोरवाल्ड्सशेजारीं त्यांनीं या दुसऱ्या टोरवाल्ड्सलाहि जागा द्यावी.